मेलेल्या राजाचा माइक

आवाज हा माझा धंदा. स्वतःचा नाही, स्वतःचा तर घरात बायकोसमोर निघत नाही, लोकांचा. पांढरकवड्यात बस स्टँडच्या मागं माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, बारसं, प्रचारसभा, भजनाचा सप्ताह, शोकसभा, ज्याला कोणाला चार लोकांपर्यंत आपलं म्हणणं पोचवायचं असतं तो माझ्याकडं येतो. आता दुकान पोरगा पाहतो. त्यानं भिंतीएवढे डीजेचे खोके आणले आहेत. ते लागले की समोरच्या चहावाल्याच्या बरणीतली खारी आपोआप चुरते. मी त्याला म्हणतो, "अबे, आवाज कानाले द्याचा असते, छातीले नाही." तो म्हणतो, "बाबा, तुमचा जमाना गेला." गेला असेल बाप्पा. पण धंद्यातली गोष्ट लिहायला तर तुम्ही मलाच सांगितलं ना, त्याला नाही.

या धंद्यात गिऱ्हाईक फार पाहिली. एका पाटलांनी पोरीच्या लग्नात सगळे पोंगे मांडवाकडं पाठ करून लावायला सांगितले. पोंगा म्हणजे पत्र्याचा तो मोठा कर्णा. मी म्हटलं, "पाटील, वऱ्हाडाले मंगलाष्टकं आयकू कशी येतीन?" तर म्हणे, "वऱ्हाडाले दिसून राह्यलं ना सारं. माह्यं अन् माह्या भावाचं बोलनं बंद हाये. त्याचं घर तिकडं हाये. त्याले आयकू गेलं पाह्यजे." तिसऱ्या मंगलाष्टकाला तो भाऊ कानात बोटं घालून स्वतःच चालत मांडवात आला. दोघं गळ्यात पडून रडले, आणि मंगलाष्टकं चालू असताना खांबावर चढून पोंगे परत फिरवायचं काम माझ्या नशिबी आलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, वायर जोडली की झालं. अहो, माइक म्हणजे कान आहे. लोक त्याला तोंड समजतात आणि त्याच्यावर ओरडतात. त्याच्यासमोर जे होईल ते तो ऐकतो आणि गावभर सांगतो. पोंग्यातून आलेला स्वतःचाच आवाज त्याच्या कानात परत शिरला की तो पिसाळतो आणि शिट्टी मारतो. म्हणून कोणाचा माइक कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढंच आमचं कसब. एकदा केळापुरात सप्ताहाच्या दुपारी गुलाबबुवा पोथी संपवून माइकसमोरच आडवे झाले. मी जेवायला गेलतो. बुवांचं घोरणं शिवाराच्या टोकापर्यंत पोचलं. निंदणाऱ्या बायांना वाटलं, पोथीत राक्षसाचा अध्याय लागला.

हे गुलाबबुवा लक्षात ठेवा, कारण पुढं ते राजा झाले आणि मेले.

बुवांचं भजन मंडळ आमच्या भागात नावाजलेलं. भजनाची पद्धत अशी, की बुवा पुढं ओळ म्हणतात आणि मागं बसलेले तीच ओळ परत म्हणतात. मागच्यांना झीलकरी म्हणतात. वर्षानुवर्षं हे करून झीलकऱ्याचं असं होतं की ओळ कानात गेली की तोंडातून बाहेर येते. मधे डोकं लागत नाही. बुवांची बायको पंचफुलाबाई लग्न झाल्यापासून झीलकरी. पाच बायांत एक माइक, त्यातली डावीकडची शेवटची. त्यांतल्या कोणी चुकून बुवांच्या आधी ओळ उचललीच, तर दुसऱ्या शब्दाला बुवा ती तिच्या तोंडातून काढून घेत आणि पुढं पळत. मनानं वाईट नव्हते. पुढं म्हणायची सवय, बाकी काही नाही.

तर या आमच्या गावात मेश्राम मॅडम आल्या. यवतमाळच्या कॉलेजात गाणं शिकवून रिटायर झालेल्या, माहेर इकडचं. एक दिवस स्कूटी लावून दुकानात आल्या.

"भाऊ, आपण ऑपेरा करतोय."

"ते काय असते?"

"नाटकच. पण सगळं गाऊन. एकही वाक्य बोलायचं नाही. पाणी मागायचं तरी गाऊनच मागायचं."

"पोंगे किती लागतीन?"

"एकही नाही. ऑपेरात माइक नसतो. गळ्यातला आवाज सरळ शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे."

मी म्हटलं, "मॅडम, सलूनवाल्याले बलावून त्याले दाढी वाढवाची हाये म्हनून सांगता काय?"

मॅडम खळखळून हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही ऐकायला या. या तालुक्यात कोणता गळा कुठपर्यंत जातो ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" आता एवढं म्हटल्यावर माणूस काय करणार? गेलो.

केळापूरच्या रस्त्यावर एक जिनिंग आहे, कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बंद असतो. त्याच्या रिकाम्या गोदामात तालीम सुरू झाली. पत्र्याचं उंच छप्पर, चारी बाजूला कोऱ्या भिंती. शिंकलं तरी ते तीनदा परत यायचं. भजनी मंडळ होतं, भीमगीतांच्या पार्टीतली मंडळी होती, तांड्यावरच्या चार बंजारा बाया होत्या. आणि एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर शेषराव होते, ज्यांचा आवाज घंटीशिवाय गाडी थांबवायचा.

मॅडमनी गोष्ट स्वतः लिहिली होती. एक राजा असतो, कोणाचंच ऐकत नाही. राणी सांगते, वाघाच्या मागं जाऊ नका. तो जातो. वाघ जिंकतो. शेवटच्या अंकात राजा मधोमध मरून पडलेला आणि राणी त्याच्या उशाशी एकटी गाते. राजा गुलाबबुवा, वाघ शेषराव, राणी पंचफुलाबाई. राजाला सगळ्यात जास्त गाणी म्हणून बुवा लगेच तयार झाले. शेवटचा अख्खा अंक आपण मेलेलो आहोत, हे त्यांना फार उशिरा समजलं. मला तर वाटतं, मॅडमनी त्यांना मारलं ते त्याचसाठी.

न बोलता गायची सवय लागावी म्हणून मॅडमनी नियम केला, गोदामात पाय ठेवला की सगळ्यांनी सगळं गाऊनच सांगायचं. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातून विंचू निघाला. शेषरावांना तो दिसला. नियमाचे पक्के. त्यांनी सूर लावला, "विंचू आला होऽऽ, पाय उचला होऽऽ." सगळ्या मंडळींनी एका तालात परत म्हटलं, "विंचू आला होऽऽ, पाय उचला होऽऽ." पाय कोणीच उचलला नाही. शेवटी तांड्यावरच्या एका बाईनं चप्पल काढली आणि न गाता विंचू मारला.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. राणीचं शोकगीत आलं आणि घोळ उघडा पडला. पंचफुलाबाईंनी डोळे मिटून पहिली ओळ म्हटली, "सांगत होते, जाऊ नका हो." पाठोपाठ अख्ख्या दरबारानं म्हटलं, "सांगत होते, जाऊ नका हो." प्रधानानं म्हटलं, शिपायांनी म्हटलं, पडद्यामागून वाघानंही म्हटलं, ज्यानं राजाला नुकतंच खाल्लं होतं. दुसऱ्या ओळीला तर खुद्द मेलेला राजा उठून बसला आणि ओळ तिच्या तोंडातून काढून घेऊन तान मारत पुढं निघाला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, ती एकटी आहे! रानात! सगळे गेलेत तिचे!"

शेषराव वाघाचा मुखवटा काढून म्हणाले, "मॅडम, आमी थोडीच म्हनून राह्यलो? ते आपोआप निंगते."

आणि खरं होतं ते. मॅडमनी सगळ्यांच्या तोंडात गुळाचा खडा ठेवून पाहिला. ओळ यायच्या आत खडा गिळलेला असायचा. दरबाराला अंगणात हाकललं. अंगणातून झील आली, आणि ती जास्त सुरात होती. बुवांना म्हटलं, मेल्यावर झोपून जा. ते आज्ञाधारकपणे झोपले. मग राणीच्या शोकात राजाचं घोरणं मिसळलं. मला तर मजा येत होती. मी घरून निघतानाच बायकोला सांगायचो, "चाल्लो व, सर्कस पाह्याले."

मग एका दुपारी पंचफुलाबाई एकट्याच दुकानात आल्या. बाजाराची पिशवी हातात. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू काय? किती सालापासून तुमी आमच्या मंडळाचा माइक लावून राह्यले. माहा आवाज कसा हाये?"

 तालुक्यातल्या प्रत्येक गळ्याची कुंडली सांगणारा मी! गुलाबबुवा कुठं फाटतात, शेषराव कुठं चढतात, सगळं पाठ. पण ही बाई? पाच जणींच्या माइकमध्ये डावीकडची शेवटची. तिचा आवाज मी कधी वेगळा ऐकलाच नव्हता.

"बरा हाये," मी म्हटलं.

"नाही आयकला ना?" त्या हसल्या. "मी बी नाही आयकला. त्यायच्या मांगं म्हनता म्हनता केस पिकले. लोकं म्हनते, पंचफुला झील मस्त देते. पन माह्या एकटीचा आवाज कसा हाये, गोड हाये का फुटका, मले खरंच माहीत नाही भाऊ. हे एक गानं भेटलं. तेवढं एक माह्यं मले म्हनू द्या म्हना साऱ्यायले. फुटका निंगला तरी चालते. पन माहाच निंगला पाह्यजे."

पिशवी उचलून त्या गेल्या. त्या दिवसापासून मला तालमीत हसू येईना. मी मॅडमकडं गेलो आणि म्हटलं, "मॅडम, या लोकायचं तोंड बंद कराचंच."

तोडगा शेवटी बंजारा बायांनी काढला. त्यातली एक म्हणाली, मयताच्या घरी बाई पदर तोंडात धरून उभी राहते ना, मग दरबार तसाच उभा करा. झालं. शोकाच्या अंकात सगळ्या बायांनी पदर तोंडात कोंबायचा, पुरुषांनी उपरणं. दिसायलाही चांगलं, आणि तोंडही बंद. वाघाला मात्र उपरणं नव्हतं. त्याच्या बायकोनं सांगितलं, "ते माह्याकडं सोडा," आणि तिनं ते पार पाडलं, कसं ते आम्ही विचारलं नाही.

उरला राजा. मॅडम म्हणाल्या, खऱ्या मयताचा जबडा फडक्यानं बांधतात, तसा बुवांचा बांधू. बुवा ताडकन उठले. "जित्ता हावो मी अजून!" पण त्यांच्यापेक्षा पंचफुलाबाई जास्त भडकल्या. आधीच शेवटच्या अंकात कुंकू पुसायला त्यांनी साफ नकार दिला होता. मॅडमनी स्वतःचीच समजूत काढली होती, की राजा मेला हे राणीला मान्यच नाही, म्हणून कुंकू राहू द्या. आता त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माह्या जित्या मानसाचं थोबाड बांधू देनार नाही मी. गानं बुडालं तं बुडालं." ज्या बाईचं गाणं वाचवायला आम्ही धडपडत होतो, तिनंच आमचा शेवटचा उपाय मोडून काढला. बुवा तिच्याकडं बघत राहिले. मग नेहमीसारखं काहीतरी मोठ्यानं बोलायला गेले, आणि बोलले नाहीत.

प्रयोग ठरला दसऱ्यानंतर. आणि कापूस आला. त्या वर्षी वेचणी लवकर लागली. तीन दिवसांत गोदामाच्या दाराची बाजू सोडून बाकी भिंतींना छतापर्यंत कापूस. जिनिंगचे शेठ म्हणाले, "नाटक करा, माझी ना नाही. पण कापूस हलणार नाही, आणि आत एक बिडी जरी पेटली तरी सगळ्यांना बाहेर काढीन." शेषरावांची बिडी त्यांच्या बायकोनं जप्त केली, त्यामुळं वाघ खरोखरच चिडलेला होता.

मॅडम मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी सूर लावला. सूर निघाला आणि तिथंच मेला. कापूस आवाज पिऊन टाकतो, हे मी त्यांना सांगायची गरजच पडली नाही. तिसऱ्या रांगेत काही पोचत नव्हतं. त्या माझ्याकडं वळल्या. मी छताकडं बघत होतो.

"बोला आता," त्या म्हणाल्या.

"काही बोललो काय मी?"

"लावा तुमचे माइक. पण पोंगे नकोत."

"पोंगे नाही लावत. लहान खोके लावतो. अन् खिजवतही नाही." आता खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. राणीसाठी एक माइक वरून टांगला. एक राजाच्या उशाशी फुलांत लपवला, कारण मरण्याआधी तो तिथंच पडून लांबलचक गाणार होता. राजानं प्राण सोडला की मिक्सरवरचं त्याचं बटण मी खाली ओढायचं, असं ठरलं. घोरण्याचा अनुभव गावाला होता.

प्रयोगाला केळापूर लोटलं, पांढरकवडा लोटला, उमरखेडहून मॅडमचे दोन विद्यार्थी एस.टी.नं आले. पहिले दोन अंक मस्त गेले. बुवा असे गायले की राजा मरूच नये असं वाटावं, आणि त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण मरायला त्यांनी ठरल्यापेक्षा बराच वेळ घेतला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "आता मर ना बाप्पा!" बुवा मेले. मी बटण खाली ओढलं.

दरबार तोंडात पदर धरून उभा राहिला. पंचफुलाबाई पुढं आल्या, उशाशी बसल्या.

"सांगत होते, जाऊ नका हो..."

आणि थांबल्या.

मला कळलं त्या का थांबल्या. झील यायची जागा होती ती. जन्मभराची सवय. आम्ही सगळ्यांची तोंडं बंद केली, पण तिच्या कानाचा विचार कोणी केला नव्हता. तालमीत निदान भिंती तरी तिची ओळ परत द्यायच्या. आज भिंतींना कापूस होता. ओळ गेली आणि काहीच परत आलं नाही. इतकी शांतता मी धंद्यात कधी ऐकली नव्हती. त्या बुवांकडं बघत होत्या, कारण पुढची खूण नेहमी तिकडून यायची. बुवा डोळे मिटून मेलेले. त्यांच्या बोटाचं टोक मात्र हलत होतं. मी मनात म्हणत होतो, बुवा, नोको. तुमच्या पाया पडतो, नोको.

बुवा गप्प राहिले.

पंचफुलाबाईंनी एक श्वास घेतला आणि दुसरी ओळ स्वतःच उचलली. तिसरी उचलली. आवाज गोड नव्हता. थोडा जाड, थोडा खरखरीत, नव्या गोधडीसारखा. पण तो कुठंच वाकत नव्हता. वर गेला तरी हातात दिवा धरल्यासारखा सांभाळून गेला. मी हात मिक्सरवरून काढून मांडीवर ठेवले. करायला काही नव्हतंच. तीन कडवी त्या एकट्या गायल्या, आणि माझ्या शेजारी बसलेला वायरमन, ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तो नाक ओढत होता. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

शेवटची ओळ आली, "आता सांगू कुणाला?" आणि संपली. मॅडमनी पडद्याची खूण करायला हात वर केला.

तेवढ्यात खालून, अगदी हळू, आवाज आला. "आता सांगू कुणाला..."

राजा. डोळे मिटलेले, हात छातीवर, आणि झील देतोय. तान नाही, पळापळ नाही. तिच्या सुरात, तिच्या मागं.

पहिल्या रांगेलाच ते ऐकू गेलं असेल. मॅडमनी विंगेतून मला हातानं खाली, खाली अशी खूण केली. मेलेल्या माणसाचा माइक बंद हवा, हे मलाही कळतं. मी बटण सावकाश वर सरकवलं.

बुवांनी परत म्हटलं, "आता सांगू कुणाला..." आणि ते या वेळी कापसाच्या पार मागच्या ढिगापर्यंत गेलं.

पुढच्या रांगेतला तोच म्हातारा उठून उभा राहिला. "अबे, जित्ता हाये थो!" गोदाम हसून हसून फुटलं. पंचफुलाबाई मेलेल्या नवऱ्याकडं वाकल्या. अख्ख्या ऑपेरात एकही वाक्य बोलायचं नाही, हा नियम तोपर्यंत वाघानंसुद्धा पाळला होता. त्या उशाशी होत्या आणि उशाशी माइक उघडा होता, त्यामुळं त्या जे पुटपुटल्या ते सगळ्यांनी ऐकलं.

"मेल्यावर तरी आयकलं माह्यं."

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. नंतर मी वायरी गुंडाळत होतो तर बुवा मुकुट काखेत धरून आले. चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "भाऊ, खरं सांगा. मी तिच्या पुढं तं नाही निंगलो ना?"

"नाही बुवा. मांगंच होते."

"सुरात होतो?"

"होते."

त्यांनी मान डोलावली आणि वायरीचं दुसरं टोक धरून मला गुंडाळायला मदत करायला लागले. बाहेर टेम्पोत बसलेल्या पंचफुलाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. बुवा ऐकत होते, आणि जिवंतपणी पहिल्यांदाच त्यांचे ओठ मिटलेले होते.